तीन माणसांच्या कानातली एकच सिस्टीम: फोंड्यातलं एक प्रकरण

प्रकरण थोडक्यात असं. फोंडा तालुक्यात म्हार्दोळच्या बाजूला एक जुनं घर, राजांगणाचं म्हणजे मधे उघडं अंगण असलेलं, मंगळुरी कौलांचं. घरातले काका बहारीनला नोकरीला होते, ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला कायमचे परत आले आणि येताना अख्खी म्युझिक सिस्टीम घेऊन आले. सिग्नल वाढवून स्पीकरला देणारा जपानी इंटिग्रेटेड अ‍ॅम्प, रेकॉर्ड वाजवायचा टेक्निक्सचा डायरेक्ट ड्राइव्ह टर्नटेबल, कॅसेट डेक आणि गुडघ्याच्या वर येतील एवढे तीन-वे स्पीकर, दहा इंची वूफरवाले, वूफर म्हणजे खालचे सूर वाजवणारा मोठा भाग. काका गेले, घराच्या वाटण्या झाल्या, काकी मुलाकडे कुर्टीला फ्लॅटवर राहायला आल्या आणि सिस्टीम जुन्या घराच्या माळ्यावर तशीच पडून राहिली. मुलगा चाळिशीचा, वेर्ण्याला फार्मा कंपनीत आहे. त्याचं म्हणणं एकच, "दादा, बाबांचा आवाज परत पायजे, जसा होता तसा."

रिपेअर मी केली. सगळं मीटरवर बरोबर आलं. फ्लॅटच्या हॉलमध्ये लावलं, अभिषेकीबुवांची एलपी ठेवली, आणि काकींनी जेमतेम दोन मिनिटं ऐकून सांगितलं, "हो आवाज तांचो न्हय." मुलगाही गप्प, म्हणजे त्यालाही तेच वाटत होतं पण माझ्यासमोर बोलवत नव्हतं. लिहिण्यासारखं प्रकरण खरं तर इथून सुरू होतं, रिपेअर काय कुठलाही चांगला मेकॅनिक करतो.

अ‍ॅम्प आणि स्पीकरचा ब्रँड मुद्दाम लिहीत नाही. लिहिला की अर्धे लोक म्हणणार वा वा आणि अर्धे म्हणणार त्यापेक्षा अमुक मॉडेल बरं, आणि मूळ मुद्दा राहील बाजूला.

ही सिस्टीम घरात आली कशी

नव्या लोकांना हे सांगावं लागतं म्हणून सांगतो. १९९१ च्या आधी बाहेरचा ऑडिओ माल इथे दुकानात जाऊन सहज घ्यायचा असं नव्हतंच, ड्यूटी एवढी की विचारू नका. देशी कंपन्या होत्या, सोनोडाइन, कॉस्मिक, नॉर्ज, त्यातलं काही काही खरंच चांगलं होतं, पण जपानी माल म्हणजे कोणीतरी आखातातून किंवा बोटीवरून आणायचा. गोव्यात दर वाड्यावर एक तरी आखातवाला असायचाच, आणि तो आला की त्याच्या ट्रंकेपेक्षा त्याच्या खोक्यांकडे लोकांचं लक्ष जास्त.

त्या मालाच्या मागे व्होल्टेजचा सिलेक्टर असायचा, ११०, १२०, २२०, २४०, कारण आखातातच सगळीकडे एक करंट नव्हता, सौदीत बऱ्याच ठिकाणी १२७ व्होल्ट आणि तोही ६० हर्ट्झचा. जाता जाता एक सांगून ठेवतो, असा अ‍ॅम्प घरात असेल तर सिलेक्टर २२० वर असला तरी २४० वर करा. आपल्याकडे भिंतीतून कधी कधी २४५ पण येतात, आणि म्हाताऱ्या ट्रान्सफॉर्मरला ते सोसत नाही.

काकांकडे रेकॉर्ड बऱ्याच, बहुतेक नाट्यसंगीत आणि शास्त्रीय. मंगेशीच्या आसपासच्या माणसाकडे दुसरं काय असणार म्हणा, अभिषेकीबुवा मंगेशीचे, केसरबाई केरीच्या, दीनानाथ मंगेशीचे, सगळे हाकेच्या अंतरावरचे. काकांच्या वडिलांच्या काळातल्या काही ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या, लाखेच्या तबकड्या पण निघाल्या, त्यांच्याकडे नंतर येतो.

खोकी उघडल्यावर

अ‍ॅम्प आधी सिरीज लॅम्पवर घेतला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब लाइनमध्ये सिरीजला लावायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब ढणढण पेटतो आणि अ‍ॅम्प वाचतो, नसेल तर क्षणभर पेटून मंद होतो. हा मंद झाला. मग मीटर लावून स्पीकर टर्मिनलवर डीसी बघितला, दोन्ही बाजूंना पन्नास मिलिव्होल्टच्या आत, म्हणजे आउटपुट ट्रान्झिस्टर शाबूत. हे नशीबच, कारण त्या काळचे जपानी आउटपुट ट्रान्झिस्टर आता बनत नाहीत आणि बाजारात त्या नंबरने जे मिळतं त्यात बनावट माल भरपूर. पॉवर सप्लायचे कंडेन्सर बदलले, प्रोटेक्शन रिलेचे काँटॅक्ट काळे पडले होते म्हणून रिलेच नवा घातला, नॉबच्या आतले पॉट आणि स्विच क्लीनर मारून साफ केले. एवढंच.

साफ करताना दोन गोष्टी दिसल्या, त्या तेव्हा नुसत्याच लक्षात राहिल्या. एक म्हणजे लाउडनेसचं बटण, हळू आवाजात खालचे सूर उचलून देणारं, आत रुतून बसलेलं, बाकीची सगळी मोकळी. म्हणजे ते वर्षानुवर्षं दाबलेलंच होतं. दुसरं, व्हॉल्यूमच्या नॉबच्या खाचांमध्ये एका बाजूला पिवळट चिकट थर, नखाने खरवडला तर हळदीचा रंग बोटाला लागला. बाकी कुठल्याच नॉबवर तसं काही नाही.

टर्नटेबल म्हणजे काय सांगू, टेक्निक्सच्या त्या मशीनला मरण नाही. क्वार्ट्झ लॉक होतंय, पिच स्थिर, फक्त सुई गेलेली. हिऱ्याच्या सुईचं आयुष्य साधारण पाचशे ते हजार तास धरतात आणि काकांची सुई त्याच्या पलीकडे कधीच गेली असणार, भिंगातून बघितली तर टोक एका बाजूने चपटं. ऑडिओ टेक्निकाची व्हीएम९५ई कार्ट्रिज (सुई धरणारा भाग) बसवली, दोन ग्रॅमवर वजन लावलं, विषय संपला.

स्पीकरमध्ये मात्र गंमत. वूफरच्या कडेची फोमची रिंग हात लावताच चिकट भुगा होऊन खाली. पॉलियुरेथेन फोम हवेतल्या ओलाव्याने हळूहळू विघटतो, आणि गोव्यात चार महिने सगळंच ओलं असतं, त्यामुळे इथे फोम राजस्थानातल्या फोमएवढा टिकेल ही अपेक्षाच करू नये. नव्या रिंग चिकटवल्या. गोंद सुकेपर्यंत हलका ३० हर्ट्झचा टोन चालू ठेवला, म्हणजे कॉइल मधोमध राहते आणि घासत नाही. पुढच्या बाजूला ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा भाग, कमी-जास्त करायचे दोन नॉब होते, एल-पॅड म्हणतात त्यांना, ते आतून हिरवे पडलेले. आणि डावा स्पीकर उघडला तर ट्वीटरच्या कंडेन्सरची एक तार कोणीतरी सरळ पक्कडने तोडून वर काळी टेप गुंडाळलेली. टेप पार वाळून कडक झालेली, म्हणजे काम जुनं.

मी जोडलं. एल-पॅड नवे, कंडेन्सर नवे, ट्वीटर दोन्ही जिवंत.

रेकॉर्डना पांढरी बुरशी होती. डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं आयसोप्रोपिल, मऊ ब्रश, खोबणीच्या दिशेनेच. हे फक्त व्हायनिलला हां. लाखेच्या ७८ ला अल्कोहोल लावलं तर लाख विरघळते आणि रेकॉर्ड कायमची जाते.

आता आवाज कुणाचा

तर असं सगळं नीट करून लावल्यावर काकी म्हणतात की हा त्यांचा आवाज नव्हे. मी दोन मित्रांशी बोललो, दोघेही या नादात माझ्यापेक्षा जुने.

म्हापशाचा मित्र म्हणाला, कंडेन्सर बदललेस ना, मग आवाज बदलणारच, जुन्या पार्टना एक उब असते, आता ते गेलं. त्याच्या घरी शुक्रवारच्या बाजारातून जमवलेलं इतकं सामान आहे की पंखा लावायला जागा नाही, आणि त्यातलं अर्धं तो "ओरिजिनल" आहे म्हणून वाजवतच नाही. मडगावचा मित्र उलट टोकाचा. तो म्हणाला आठवणींवर कान ठेवू नको रे, चाळीस वर्षांपूर्वीचा अ‍ॅम्प विकून टाका, टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या चिपवरचा छोटा क्लास-डी घ्या, तळहाताएवढा येतो, करंट पण कमी खातो, आणि मोजमापात म्हाताऱ्याला आरामात मागे टाकतो.

मोजमापाचं त्याचं खरं आहे. म्हापशेकराचंही अगदीच खोटं नाही, सुकलेला कंडेन्सर क्रॉसओव्हरमध्ये, म्हणजे वूफर-ट्वीटरला सूर वाटून देणाऱ्या सर्किटमध्ये, असला तर ट्वीटरचा आवाज दबतो आणि तेच कानाला "उबदार" वाटतं. पण दोघांच्या बोलण्यात एक गोष्ट सारखीच होती, दोघेही खोक्याबद्दल बोलत होते. एकाला खोकं बदललं म्हणून दुःख, दुसऱ्याला बदललं नाही म्हणून. ज्या बाईने तक्रार केली तिला कोणी काही विचारलंच नव्हतं.

मग विचारलं. "काकी, ते लावायचे तेव्हा तुम्ही कुठे बसायचात?"

काकी हसल्याच. "बसायला कुणाला वेळ होता पुता? मी आपली रांधपात."

आणि मग सगळं हळूहळू बाहेर आलं. सिस्टीम वसरीवर, म्हणजे ओसरीवर, भिंतीला पाठ लावून. समोर काकांची आरामखुर्ची, तिथे दुसरं कोणी बसायचं नाही. मधे राजांगण, उघडं, तुळस आणि वरून पाऊस. पलीकडे स्वयंपाकघर. काकींनी ती सिस्टीम आयुष्यभर राजांगणाच्या पलीकडून ऐकली, दारातून, भांड्यांच्या आणि पावसाच्या आवाजातून गाळून आलेली. वसरीवर त्या यायच्या ते एकाच कामाला, काकांनी आवाज मोठा केला की बाहेर येऊन कमी करायला, मसाला वाटता वाटता तशाच हातांनी. नॉबवरची हळद तीच.

मग मुलाला विचारलं. त्याची जागा जमिनीवर, डाव्या स्पीकरला टेकून. दहावी-बारावीचा अभ्यास तिथेच, कान जवळजवळ ग्रिलला लागलेला. म्हणजे जो ट्वीटर तोडलेला होता त्याच्याच समोर. काकींना आठवलं की त्या बाजूने कधीतरी चरचर यायला लागली तेव्हा एका मेकॅनिकने काहीतरी कापून दिलं आणि म्हणाला काही फरक पडत नाही. मुलगा तेव्हा शाळेत. म्हणजे याने "बाबांचा आवाज" म्हणून जो मनात धरलाय तो एका बाजूने ट्वीटर नसलेल्या आणि दुसऱ्या बाजूने गंजलेल्या एल-पॅडच्या स्पीकरचा आवाज, वर चपट्या सुईचा.

आणि काका स्वतः? खुर्चीत, बरोब्बर मधे, लाउडनेस दाबून, रात्री हळू आवाजात. त्यांच्या कानात काय होतं ते आता कळायला मार्ग नाही.

मला इथे आमच्या या नादाबद्दल थोडं बोलायचंय. आमची सगळी शब्दसंपत्ती एका खुर्चीसाठी आहे. स्वीट स्पॉट, स्टेज, इमेजिंग, सगळं त्या एका माणसाला गृहीत धरून जो मधोमध बसलाय आणि ज्याला कोणी उठवणार नाही. तो माणूस बहुतेक घरांत बाप्याच असायचा. बाकीचं घर तीच सिस्टीम ऐकत होतं पण स्वयंपाकघरातून, माडीवरून, अंथरुणातून, आणि त्यांच्यासाठी तोच खरा आवाज होता. जुनी सिस्टीम परत उभी करताना आपण फक्त खुर्चीवाल्याचा आवाज परत आणतो आणि मग घरचे खूश का नाहीत म्हणून डोकं खाजवतो. माझं म्हणणं सरळ आहे, स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी कोण कुठे बसायचं ते विचारा.

करून बघितलं ते

मुलाचं सोपं निघालं. डाव्या स्पीकरचा एल-पॅड पूर्ण खाली घेतला आणि त्याला काही न सांगता तीच एलपी लावली, म्हटलं जमिनीवर बस तुझ्या जागी. पहिल्या आलापालाच, "हाच! दादा, हाच तो!" त्याला नंतर खरं कारण सांगितलं तेव्हा थोडा ओशाळला, पण त्यात ओशाळण्यासारखं काही नाही, कानाला ज्याची सवय लागते तेच बरोबर वाटतं.

काकींचं अवघड होतं. हॉलमध्ये बसवून काहीही केलं तरी उपयोग नाही हे कळलं होतं, म्हणून त्यांना म्हटलं तुम्ही स्वयंपाकघरात जा आणि तुमचं काम करा. गेल्या. थोड्या वेळाने आतूनच म्हणाल्या, आता जवळ आलं पण घुमतंय.

घुमणारच. म्हार्दोळच्या घरात चिऱ्याच्या जाड भिंती होत्या पण वर कौलं, उतरतं छप्पर, समोर उघडं राजांगण, खालचा सूर कोंडून राहायला जागाच नव्हती. फ्लॅट म्हणजे सिमेंटचा डबा, खाली गुळगुळीत टाइल, वर पीओपी. हॉलची रुंदी दहा फूट, म्हणजे साधारण ३.०५ मीटर, आणि आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर दोन भिंतींमधली पहिली लहर ५६ हर्ट्झच्या आसपास उभी राहते. माइक लावून आरईडब्ल्यू या खोलीचा आवाज मोजायच्या सॉफ्टवेअरवर बघितलं तर बरोब्बर तिथेच डोंगर. त्यात लाउडनेस दाबलेला, स्पीकर भिंतीला चिकटवलेले, डग्गा वाजला की खिडकीची काच पण वाजायची. मधे उभं राहून टाळी वाजवली तर फर्रर्र असा आवाज, टाइल आणि पीओपीमध्ये टप्पे खात.

उपाय साधेच. स्पीकर भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे आणले, त्यावरून सुनेचा आणि मुलाचा थोडा वाद झाला कारण केर काढायला अडचण, शेवटी जमिनीवर खुणा केल्या आणि ऐकताना पुढे ओढायचे असं ठरलं. टाइलवर जाड सतरंजी, समोरच्या भिंतीला पुस्तकांचं कपाट, खिडकीला जाड पडदा. बास नॉब दोन टिचक्या खाली. स्वयंपाकघराचं सरकतं काचेचं दार अर्धं उघडं, पूर्ण नाही. दार किती उघडं ठेवायचं हे काकींनीच ठरवलं, आतून सांगत होत्या, अजून थोडं लाव, अजून थोडं, हां.

आणि काकी म्हणाल्या "आता बरं". एवढंच, फार कौतुक वगैरे नाही. पण पुढच्या रविवारी मुलाने जरा जोरात लावलं तेव्हा त्या बाहेर आल्या आणि काही न बोलता व्हॉल्यूम कमी करून आत गेल्या, हे सुनेने मला फोन करून सांगितलं.

नात पंधरा वर्षांची, कानात सदा ते इअरबड. तिचा प्रश्न आधीपासून एकच होता, याला ब्लूटूथ कुठे. ऑक्समध्ये एक छोटा स्ट्रीमर लावून दिला, विषय मिटला, अ‍ॅम्पला काय कुठून सिग्नल येतो याच्याशी देणंघेणं नसतं. अ‍ॅपल म्युझिकवर २०२१ पासून लॉसलेस आहे, म्हणजे सीडीच्या दर्जाचं गाणं फोनवर येतं, आणि जुन्या लोकांनी कबूल करावं की बुरशी आलेल्या एलपीपेक्षा ते स्वच्छच वाजतं. पण तिने एक प्रश्न मला विचारला त्याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही: "काका, तुम्ही सगळे टीव्ही नसताना पण एकाच बाजूला तोंड करून का बसता?"

नवं-जुनं विकत मिळतं त्याबद्दल

मुलाने माझ्याकडे यायच्या आधी एका दुकानातून कोटेशन आणलं होतं, नव्या "रेट्रो" स्पीकरचं. लाकडी पॅनेल, जाळीदार ग्रिल, बघायला हुबेहूब सत्तरचं दशक. हा धंदा आता मोठा आहे. टेक्निक्सने १९७२ साली काढलेला एसएल-१२०० मालिकेचा टर्नटेबल २०१० मध्ये बंद केला आणि २०१६ मध्ये परत आणला. जेबीएलने २०१८ मध्ये एल१०० नव्याने काढला, व्हार्फडेलने २०१९ मध्ये लिंटन. अमेरिकेत २०२२ साली एलपी सीडीपेक्षा जास्त विकल्या गेल्या, १९८७ नंतर पहिल्यांदा. या वस्तू वाईट नाहीत, काही तर जुन्यापेक्षा चांगल्या वाजतात. पण या घरात ते स्पीकर आणले असते तर रिपेअरच्या कितीतरी पट पैसे गेले असते आणि काकींनी तेच वाक्य ऐकवलं असतं, कारण समोरचं पॅनेल त्यांनी कधी नीट बघितलंच नव्हतं.

मला खरी गंमत वाटते ती त्या लाउडनेसच्या बटणाची. हळू आवाजात आपल्या कानाला खालचे सूर कमी ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच ते मोजून ठेवलंय, आणि त्यावरच हे बटण बेतलेलं होतं, हळू लावलं की खालचं थोडं उचलून द्यायचं. पुढे शुद्धतावाद्यांची हवा आली, सिग्नलच्या वाटेत काही नको म्हणून लाउडनेस गेलं, मग बास-ट्रेबल पण गेले, आणि किती तरी महागड्या अ‍ॅम्पवर नुसता एक व्हॉल्यूम उरला. मी स्वतः बरीच वर्षं असाच अ‍ॅम्प वापरतो आणि रात्री दहानंतर तो पातळ वाजतो हे मला ऐकू येतं. शेजारी झोपलेले असताना हळू लावून ऐकणाऱ्या माणसाला ते बटण दाबावंसं वाटलं तर तो अडाणी ठरत नाही. काकांचं लाउडनेस आता मोकळं झालंय, हवं तेव्हा दाबा.

खर्च सगळा मिळून वीस हजारांच्या आत, त्यातला मोठा भाग कार्ट्रिज आणि स्पीकरचं काम. ट्रेबल म्हणाल तर डावा एल-पॅड मुलाने आजही अर्ध्यावर ठेवलाय. त्यामुळे गाणं जरा उजवीकडे सरकतं, मला खुपतं, त्याला नाही. सिस्टीम त्याची.

राहिलेलं काम

७८ च्या तबकड्या तशाच आहेत. काकांच्या टेक्निक्सला ३३ आणि ४५ हेच दोन वेग, आणि ७८ ला सुई पण वेगळी लागते, एलपीच्या सुईच्या जवळजवळ चौपट जाड, नाहीतर ती खोबणीच्या तळाला घासत राहते आणि नुसती खरखर ऐकू येते. त्यात केसरबाई आहेत. त्यांची एक भैरवी १९७७ मध्ये व्हॉयजर यानावरच्या सोन्याचा मुलामा दिलेल्या तबकडीवर अंतराळात गेली, आणि इथे त्यांच्याच तालुक्यात त्यांची रेकॉर्ड वाजवायला मशीन नाही. पणजीत एकाकडे तीन वेगांचं जुनं मशीन आहे, त्याच्याशी बोलणं चालू आहे, तोवर तबकड्या उभ्या ठेवल्यात, आडव्या रचल्या की खालच्या तडकतात. कपाटात झिरोचा बल्ब लावून ठेवलाय पावसाळ्यासाठी, जुनी युक्ती पण चालते.

डेक मात्र भंगारात काढायचं जवळजवळ ठरलं होतं. रबरी पट्ट्यांचं डांबर झालेलं, ते पुलीवरून स्पिरिटने पुसून काढताना हात काळे. पण काकींनी एक बिस्किटाचा डबा पुढे केला, आत वाड्यावरच्या जत्रेतल्या नाटकांच्या कॅसेट, वीस-एक वर्षांत जमलेल्या. गावचीच मंडळी, पेट्रोमॅक्सपासून ट्यूबलाइटपर्यंतचा काळ, दोन-तीन नाटकांत काका पण. त्यामुळे डेकला नवे पट्टे आले. ही रेकॉर्डिंग साध्या मोनो टेपवर कोणीतरी मांडीवर घेऊन केलेली, त्या मशीनचं हेड जरा तिरकं असणार, म्हणून प्रत्येक कॅसेटला डेकच्या हेडचा छोटा स्क्रू फिरवून अझिमुथ, म्हणजे हेडचा कोन, कानाने जुळवावा लागतो, डॉल्बी (टेपची खरखर कमी करणारं सर्किट) बंद ठेवून, संवाद स्पष्ट होईपर्यंत. पाव फेरा इकडे-तिकडे झाला की सगळे तोंडात सुपारी धरून बोलल्यासारखे वाटतात. दोन कॅसेटच्या आतले दाबाचे छोटे फेल्ट गळून पडलेत, ते दुसऱ्या रिकाम्या कॅसेटमधून काढून लावायचे आहेत. हे काम नातीने अंगावर घेतलंय, तिची बोटं बारीक आहेत आणि लॅपटॉपवर फाइल करायचं तिला माझ्यापेक्षा बरं जमतं. निम्म्या झाल्यात, बाकीच्या चतुर्थीची सुट्टी लागली की.